फौजीची कागदपत्रं: वीस वर्षांचा मागोवा

बुलढाणा जिल्ह्यातला जवान काश्मीरात असो की आसामात, त्याच्या सेवेच्या नोंदी त्याच्या दलाच्या रेकॉर्ड ऑफिसात जमा होतात. महार रेजिमेंटच्या सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावला, तोफखान्याच्या नाशिक रोडला. निवृत्त झाला की तो चिखली-मेहकरला परततो. नोंदी तिकडेच राहतात. हाती येतं ते डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ.

पूर्वी त्या नोंदींची नक्कल हवी असेल तर अर्ज टाकायचा आणि वाट पाहायची. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यानं हे बदललं. 10 रुपये शुल्क भरून स्वतःच्या नोंदी किंवा वैद्यकीय मंडळाचा अहवाल मागता येऊ लागला आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत लागली. 2009 मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणं सुरू झाली, तेव्हा नाकारलेल्या दाव्यासाठी दाद मागायची हक्काची जागा मिळाली.

सेवेच्या नोंदींच्या कागदाचं मोल 2013 मध्ये ठळक झालं. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर पुढे जडलेला आजार सेवेमुळेच झाला असं सर्वसाधारणपणे धरावं. आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानाची नाही. भरतीच्या दिवशीचा वैद्यकीय कागद अपंगत्व पेन्शनचा आधार ठरला. 2015 मध्ये 'वन रँक वन पेन्शन' लागू झालं. हुद्दा, ग्रुप आणि सेवेची वर्षं यांवर रक्कम ठरत असल्यानं यातली एक चुकीची नोंद दरमहा पैसे कापू लागली.

2021 पासून फौजींच्या पेन्शनसाठी 'स्पर्श' ही ऑनलाइन प्रणाली आली. हयातीचा दाखला घरबसल्या देता येऊ लागला, पण जुन्या विसंगतीही वर आल्या. सगळ्यात जास्त सोसलं ते फौजींच्या पत्नींनी. लग्नानंतर नाव बदललेलं, डिस्चार्ज बुकात माहेरचं, आधारवर सासरचं. लष्करी नोंदीत जन्मतारीख कुठेच नाही. फौजी हयात असताना याकडे कुणी पाहिलं नाही, आणि तो गेल्यावर कुटुंब पेन्शन नेमकी इथेच अडते. मग प्रतिज्ञापत्र करा, पेपरात जाहिरात द्या, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा. दुःखात बुडालेल्या बाईनं हे सारं करायचं, हे मनाला पटत नाही.

पेन्शन न मिळता परतलेल्यांची अडचण आणखी मोठी. सैन्याच्या नियमानुसार त्यांच्या नोंदी साधारण 25 वर्षं जपतात, नंतर नष्ट करतात. उशिरा जाग आलेल्या घराला मग पुरावाच उरत नाही.

या वीस वर्षांत वाटा खूप मोकळ्या झाल्या, पण कागद मागायचा तो आपणच. म्हणून फौजी हयात असतानाच डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची प्रत काढून ठेवा, पत्नीचं नाव आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी, म्हणजे डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि आधार, जुळतात का ते पाहा, आणि चूक दिसली तर लगेच बुलढाण्याचं सैनिक कल्याण कार्यालय गाठा. आणि सरकारनंही एवढं करावं: नोंदी नष्ट करण्याआधी त्या घराला एक पत्र पाठवावं.