पोलीस पाटील

पोलीस पाटील : पोलीस दलाचा सदस्य नसलेला, परंतु गावातील शांतता, गुन्हे व संशयास्पद मृत्यू यांची वार्ता पोलीस ठाण्यास आणि दंडाधिकाऱ्यास देण्याची कायदेशीर जबाबदारी असलेला महाराष्ट्रातील ग्रामाधिकारी. त्याला गणवेश नाही, बक्कल क्रमांक नाही आणि शासनाचे हत्यारही नाही. तो ज्या गावासाठी नेमला जातो, त्याच गावात राहतो व आपली शेतीही करतो. त्याची उपयुक्तता आणि त्याची अडचण या दोहोंचे मूळ या शेजारीपणातच आहे. धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यात या पदाचा जुना व नवा असे दोन्ही अवतार स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील गावगाड्यात महसूल वसूल करणारा माली पाटील, बंदोबस्त पाहणारा पोलीस पाटील आणि दप्तर सांभाळणारा पटवारी असे तीन वतनदार असत. क्वचित पहिली दोन्ही कामे एकाच घराण्याकडे असत. वतन वंशपरंपरेने चाले, त्यामुळे पाटलाचा मुलगा पाटील होई. त्याला लिहितावाचता येते की नाही, हा प्रश्न दुय्यम ठरे. मुंबई इलाख्यात याच कामासाठी १८६७ चा ग्राम पोलीस अधिनियम लागू होता, हैदराबादेत व विदर्भात मात्र वेगळे नियम चालत. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर ही विसंगती दूर करणे प्राप्त झाले. १९६२ च्या अधिनियमाने महसुली पाटलाचे पद नष्ट झाले. पुढे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये सर्व विभागांसाठी पोलीस पाटलाचे एकच, नेमणुकीचे पद निर्माण करण्यात आले. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या तेलंगणातील भागात पटेल-पटवारी ही पद्धती तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने १९८४ मध्ये अध्यादेश काढून बंद केली. म्हणजे एकाच संस्थानी वारशाची एका राज्याने मोडतोड केली, तर दुसऱ्याने दुरुस्ती केली.

पोलीस पाटलाची नेमणूक उपविभागीय दंडाधिकारी करतो. उमेदवार त्या गावचा रहिवासी, २५ ते ४५ वर्षे वयाचा आणि दहावी उत्तीर्ण असावा लागतो. अलीकडे ८० गुणांची लेखी परीक्षा व २० गुणांची मुलाखत घेतली जाते. आरक्षणामुळे पूर्वी ज्या घरांत हे पद कधीच गेले नसते अशा घरांतील स्त्रीपुरुषही आता पोलीस पाटील होतात. वतनाच्या काळाशी तुलना करता हा बदल लहान नाही. पहिली नेमणूक ठराविक मुदतीची असते व तिचे नूतनीकरण होते. वयाची साठ वर्षे ही मर्यादा आहे. त्याला शेती वा गावातला व्यवसाय करता येतो, मात्र अन्यत्र पूर्ण वेळेची नोकरी करता येत नाही.

गावातील गुन्ह्यांची स्थिती, लोकांचे आरोग्य आणि एकंदर परिस्थिती यांची माहिती दंडाधिकाऱ्यास देत राहणे, सार्वजनिक शांततेस बाधक अशा हालचाली ठाणे अंमलदारास कळविणे, दंडाधिकारी व पोलीस यांचे हुकूम बजावणे, गुन्हे रोखणे व गुन्हेगार शोधण्यास साहाय्य करणे ही त्याची मुख्य कामे होत. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दसऱ्यानंतर ऊसतोडणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर जातात. कोणत्या घराला कुलूप आहे व मागे कोण म्हातारे-कोतारे राहिले आहेत, हे ठाण्याच्या नोंदवहीत नसते; पाटलाला ते ठाऊक असते. मार्च २०२० नंतरच्या कोविड साथीत पुण्या-मुंबईहून परतलेल्या गावकऱ्यांची नोंद ठेवण्याचे कामही पोलीस पाटलांकडे आले. कायद्यातील ‘आरोग्य’ हा शब्द तोवर बहुतेकांनी केवळ वाचलेला होता.

सर्वांत जबाबदारीचे काम आकस्मिक वा अनैसर्गिक मृत्यूचे. विहिरीत पडून, गळफासाने किंवा विषामुळे मृत्यू घडला की पहिली वर्दी बहुधा पोलीस पाटलाची असते. पोलीस येईपर्यंत प्रेत व आसपासच्या वस्तू हलविल्या जाऊ नयेत, हे त्याने पाहावयाचे असते. मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांमुळे या कामाला विलक्षण महत्त्व आले आहे. कर्जबाजारीपणा, नापिकी व परतफेडीचा तगादा यांमुळे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास शासनाकडून एक लाख रुपयांचे साहाय्य २००६ पासून देण्यात येऊ लागले. प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील समिती कागदपत्रांवरून ठरविते. अशा वेळी घरच्यांनी लाजेपोटी ‘पाय घसरला’ असे सांगितले आणि पाटलानेही तेच कळविले, तर विधवेचा मार्ग तेथेच बिकट होतो. उलट, संशयास्पद मृत्यूवर, विशेषतः नव्या सुनेच्या, गावाने पांघरूण घालावयाचे ठरविले तर वर्दी देणारा पाटीलच एकटा पडतो. ज्यांच्याविरुद्ध लिहावयाचे, त्यांच्याच बांधाला त्याचा बांध लागलेला असतो. कायद्याने त्याच्यावर कर्तव्य टाकले, पण या एकटेपणावर कायद्यात उपाय नाही.

शेजाऱ्याच्या माहितीची दुसरी बाजूही आहे. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत पारध्यांसारख्या जमातींच्या लोकांना ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे आणि पुष्कळ गावांत ती पाटलासमोर होई. परगावी जावयाचे तर त्याचा दाखला लागे. कायदा गेला तरी चोरी झाली की प्रथम पालावर बोट दाखविण्याची सवय गेली नाही. पाटलाने दिलेली ‘संशयितां’ची नावे ही पुष्कळदा पुराव्यापेक्षा गावाच्या पूर्वग्रहाची यादी असते, या पदाचा हा सर्वांत गंभीर दोष मानावा लागेल.

१५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत ग्रामसमितीचे निमंत्रकपद पोलीस पाटलाकडे देण्यात आले. बांधाचे, वाटणीचे, भावकीचे अनेक वाद त्यामुळे ठाण्याबाहेर मिटले. तथापि बक्षिसाच्या ओढीने तंटा मिटण्याऐवजी झाकलाही जाऊ शकतो. तडजोडीस अपात्र असलेले गंभीर गुन्हे समितीपुढे आणता येत नाहीत, हा निर्बंध म्हणूनच महत्त्वाचा होय.

इंग्लंड व वेल्समध्ये २००२ च्या कायद्याने नेमलेले समुदाय साहाय्य अधिकारीही पोलीस शिपायाची शपथ न घेता मर्यादित अधिकारांनिशी काम करतात. पण ते गणवेशधारी व पगारी असतात आणि त्यांची पाळी संपते. पोलीस पाटलाला पगाराऐवजी मानधन मिळते. ते दीर्घकाळ नाममात्र होते. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ते दरमहा ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला. त्याच्या कामाला ठरावीक वेळ नाही. रात्री कोणी दार वाजविले तर ते उघडावेच लागते.