ग्रामसभा व भूमिवापर-नियोजन

गावातील जमिनीचा वापर निवास, शेती, व्यापार, उद्योग व सार्वजनिक सोयी यांसाठी कसा विभागावा, याविषयी ग्रामस्थांनी आपल्या निर्वाचित संस्थांमार्फत विचारविनिमय करून मत ठरविण्याची प्रक्रिया. आर्थिक विकासाचे नियोजन आणि जमिनीच्या वापराचे नियमन या दोन गोष्टी व्यवहारात परस्परांपासून वेगळ्या करता येत नाहीत. बाजार, गोदाम वा कारखाना कोठे उभारावयाचा, हे ठरल्यावाचून विकासाचा आराखडा कागदावरच राहतो. उलट, केवळ जमिनीचे पट्टे आखून रोजगार निर्माण होत नाही. भारतीय कायद्यात मात्र ग्रामीण क्षेत्रापुरती या दोहोंची सोय निरनिराळ्या ठिकाणी लावलेली आहे आणि या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ तेथेच आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भूमिवापराचे विभाग पाडून त्यांवर निर्बंध घालण्याची आधुनिक पद्धती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत रूढ झाली. न्यूयॉर्क शहराने १९१६ मध्ये संपूर्ण शहरास लागू होणारी विभागणी स्वीकारली. भारतात मुंबई नगररचना अधिनियम १९१५ साली संमत झाला. त्याची जागा पुढे १९५४ च्या आणि नंतर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने घेतली. हे सर्व विचारमंथन प्रामुख्याने शहरांच्या वाढीतून झाले. खेड्यांत मात्र गावठाण, शिवार, गायरान, स्मशानभूमी व बाजाराची जागा अशी परंपरागत विभागणी होतीच. महसुली मोजणीने तिला नकाशाचे रूप दिले.

वैधानिक चौकट : संविधानाच्या ४० व्या अनुच्छेदाने ग्रामपंचायतींच्या संघटनेचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ‘आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय’ यांसाठी योजना तयार करण्याचे कार्य पंचायतींकडे सोपविता येईल, अशी तरतूद केली (अनुच्छेद २४३ छ). त्यासोबतच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. त्यांत कृषी, जमीन सुधारणा, लघुउद्योग, रस्ते, बाजार व जत्रा यांचा समावेश आहे. परंतु भूमिवापराचे व बांधकामाचे नियमन हा विषय नाही. तो नगरपालिकांसाठी असलेल्या बाराव्या अनुसूचीत, नगररचनेच्या जोडीने, आरंभीच येतो. म्हणजे बाजार कसा वाढवावा याचा विचार पंचायतीने करावयाचा, परंतु तो ज्या जमिनीवर वाढेल तिचा वापर ठरविण्याची सत्ता बव्हंशी अन्यत्र, अशी स्थिती निर्माण होते.

महाराष्ट्रात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावठाणातील बांधकामावर ग्रामपंचायतीचे नियंत्रण असते. प्रादेशिक योजना लागू असलेल्या क्षेत्रात शेतीव्यतिरिक्त वापरासाठी १९६६ च्या नियोजन अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीची योजना आहे. जमीन महसूल संहितेत २०१७ साली झालेल्या सुधारणेने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीस विहित आकारणी भरल्यावर अकृषिक मानण्याची सवलत दिली. यामुळे गावांची वाढ सुलभ झाली; तथापि रस्ते, गटारे व मोकळ्या जागा यांची आखणी आधी झालेली नसेल, तर अशी वाढ विस्कळीत होण्याचा धोकाही वाढला.

विचारविनिमयाची रीत : ग्रामसभेत गावातील सर्व मतदारांचा समावेश होतो. तिच्या वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक असून मतदारांच्या १५ टक्के अथवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती गणपूर्ती मानतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेस मात्र ही अट लागू होत नाही. त्यामुळे महत्त्वाचे ठराव थोड्या उपस्थितीतही संमत होऊ शकतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा भरविण्याची तरतूद आहे. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनंतर ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायत विकास आराखडे तयार होऊ लागले. मात्र त्यांचे स्वरूप मुख्यतः कामांच्या व खर्चाच्या यादीचे असते. जमिनीच्या नकाशाशी त्यांची सांगड क्वचितच घातली जाते. [⟶ ग्रामपंचायत].

बाजारगावाचा प्रश्न : वाशिम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे गाव या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करते. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा आणि मालेगाव–कारंजा हे दोन मार्ग येथे एकत्र येतात. बाजार ही गावाची ओळख त्याच्या नावातच आहे. ज्या वऱ्हाडात हे गाव आहे, तेथील बाजारांच्या नियमनास मोठी परंपरा आहे. जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ मध्ये स्थापन झालेली कापसाची बाजारपेठ भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ समजली जाते. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला आणि २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झाला. सोयाबीन, तूर व कापूस या पिकांवर आधारलेल्या अशा जिल्ह्यात चौरस्त्यावरील गावे ही रोजगाराची व व्यापाराची स्वाभाविक केंद्रे ठरतात.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाने या प्रश्नास नवे परिमाण दिले. त्याचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी–आमणे हा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. या सु. ७०१ किमी. लांबीच्या नियंत्रित मार्गावर ठराविक ठिकाणीच चढउतार करता येते. त्यांपैकी एक ठिकाण शेलूबाजार येथे आहे. अशा ठिकाणांलगत ‘कृषी समृद्धी नगरे’ वसविण्याची कल्पना मांडण्यात आली व त्यांच्या नियोजनासाठी महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळास विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याचे धोरण अवलंबिले गेले. प्राधिकरणाच्या अधिसूचित क्षेत्रात भूमिवापराचा आराखडा प्राधिकरण करते. ग्रामस्थांचा सहभाग हरकती व सूचना नोंदविण्यापुरता उरतो.

चौरस्त्यावरील गावात हितसंबंध एकमेकांना छेद देतात. रस्त्याकडेच्या शेतमालकास जमिनीचा भाव हवा असतो, दुकानदारास रहदारी, तर रहिवाशास धूळ, गोंगाट व अपघात यांपासून मुक्ती. आठवडी बाजारातील किरकोळ विक्रेत्यास बसण्याची हक्काची जागा लागते. भूमिहीन कुटुंबास घरासाठी गावठाणाची वाढ हवी असते. स्वतः ग्रामपंचायतही तटस्थ नसते, कारण इमारतींवरील कर व बाजार शुल्क ही तिच्या उत्पन्नाची साधने आहेत. वाढीचा सर्वांत जास्त ताण गायरानावर येतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचे निदेश राज्यांना दिले, त्यानंतर महाराष्ट्र शासनानेही अशा जमिनींच्या वाटपावर कडक निर्बंध घातले.

सहमतीचे नियम : कायद्याने अधिकार मर्यादित असले, तरी एकमताच्या बळावर ग्रामसभा जमिनीच्या वापरास शिस्त लावू शकते, याचे उदाहरण म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार. तेथे १९९० नंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, सिंचनासाठी विंधन विहिरींवर बंदी व उसासारखी पिके टाळणे हे नियम ग्रामसभेने स्वीकारले आणि पाण्याच्या ताळेबंदानुसार पिके ठरविण्याची प्रथा पाडली. केरळमध्ये १९९६ पासूनच्या लोकनियोजन मोहिमेत राज्याच्या योजना-निधीचा मोठा हिस्सा स्थानिक संस्थांकडे सोपवून ग्रामसभांतील चर्चेस प्रत्यक्ष निधीची जोड देण्यात आली. तथापि हिवरे बाजार हे लहान व शेतीप्रधान गाव होय. जेथे बाहेरचे भांडवल येते व जमीन वेगाने हस्तांतरित होते, त्या बाजारगावात केवळ नैतिक बंधन पुरेसे पडत नाही.

मूल्यमापन : ग्रामसभेस सर्व नियोजन सोपविल्यास तांत्रिक ज्ञानाचा अभाव व प्रबळ गटांचे वर्चस्व हे दोष संभवतात, प्राधिकरणाकडे ते पूर्णतः दिल्यास स्थानिक गरजा दुर्लक्षित राहतात. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याबरोबर भूमिवापराचा नकाशा जोडणे, प्रस्ताव गावातच व मराठीत प्रसिद्ध करणे, नाकारलेल्या हरकतींची कारणे नोंदविणे आणि बाजार, गायरान व गावठाण-विस्तार यांच्या जागा आधीच राखून ठेवणे, हे मध्यममार्ग होत. रस्ता झाल्यानंतर जमिनीचे भाव वाढतात व बांधकामे उभी राहतात. मग विभागणी करणे म्हणजे झालेल्या वापरास मान्यता देणे एवढाच अर्थ उरतो. म्हणून अशा चर्चेची उपयुक्तता ती केव्हा होते, यावर बव्हंशी अवलंबून असते.