ग्रामसभेत निर्णय कसा घडतो?

सावंतवाडी तालुक्यात तेरेखोल खाडीकाठी, गोव्याच्या सीमेलगत वसलेल्या आरोंद्यासारख्या गावात सामूहिक निर्णयाचे कायदेशीर व्यासपीठ म्हणजे ग्रामसभा होय. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार गावच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती तिची सदस्य असते आणि १९९२ च्या ७३व्या घटनादुरुस्तीने तिला संविधानात स्थान दिले.

वर्षाला किमान चार सभा घेणे बंधनकारक असते. गणपूर्ती, म्हणजे सभा वैध ठरण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसल्याने मोजक्या उपस्थितांनी केलेला ठरावही साऱ्या गावाचा ठरतो.

नियमित ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यावी लागते, त्यामुळे एरवी मागे राहणारे प्रश्न पुढे आणण्याची संधी स्त्रियांना मिळते. बदल घडवू पाहणाऱ्या ग्रामस्थाने आपला विषय आधीच लेखी देऊन विषयपत्रिकेत आणणे, ठरावाला सूचक व अनुमोदक मिळवणे आणि इतिवृत्तात, म्हणजे सभेच्या अधिकृत नोंदीत, तो नीट उतरल्याची खात्री करणे, हे सभेतील भाषणाइतकेच महत्त्वाचे असते.