नाताळची सकाळ : आधी गाणे, मग फराळ, शेवटी भेट

बारामती - दिवाळीचा आकाशकंदील उतरवून महिना-दीड महिना झाला, की बारामती व इंदापूर तालुक्यांतील मोजक्या घरांवर चांदणी चढते. येथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. वर्गातील बहुतेक मुलांना जो सण केवळ सुटीपुरता माहीत असतो, तो आपल्या घरचा आहे, याची जाणीव लहान मुलाला प्रथम होते ती २५ डिसेंबरच्या सकाळी. म्हणूनच ही सकाळ कशी साजरी करावी, हा येथील पालकांपुढचा खरा प्रश्न असतो.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला; त्याचा अर्थ जन्माचा दिवस. या भागात मात्र सणाची रीत पोर्तुगीजांकडून आलेली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाच्या मिशनऱ्यांनी बारामतीत काम सुरू केले आणि पुढे ते इंदापूर, दौंड, श्रीगोंदा या परिसरात पसरले. कॅथलिक कुटुंबांत आदल्या मध्यरात्रीच्या मिस्साला मान असतो. प्रोटेस्टंट मंडळींमध्ये २५ तारखेच्या सकाळची उपासना हा सणाचा गाभा असतो. त्यामुळे लहान मुलांच्या दृष्टीने सगळा सण सकाळच्या चार-पाच तासांत सामावतो.

वेळही अपुरा असतो. मराठी शाळांना बहुधा एकाच दिवसाची सुटी मिळते. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो आणि औद्योगिक वसाहतीत पाळी चुकवता येत नाही. अशा घाईत मुलांना उपयोगी पडतो तो ठरलेला क्रम. तीन-चार वर्षांच्या मुलाला तारीख कळत नाही, परंतु 'आधी गाणे, मग नवे कपडे, मग चर्च, मग फराळ' ही साखळी कळते. एका गोष्टीनंतर कोणती येणार हे ठाऊक असले, की वाट पाहणे सोपे जाते आणि हट्टही कमी होतो. वडील पहिल्या पाळीला गेले असतील, तर भेटी उघडण्याचा कार्यक्रम ते परतल्यावर ठेवावा. क्रम तोच राहतो, फक्त वेळ पुढे जाते.

मेंढपाळांची गोष्ट

सकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत ख्रिस्तजन्माची कथा वाचण्याची प्रथा आहे. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय त्यासाठी निवडला जातो. त्यातील गव्हाण आणि रात्री रानात कळप राखणारे मेंढपाळ शहरी मुलांना चित्रातूनच समजावून द्यावे लागतात. इंदापूरच्या मुलाला त्याची गरज नसते. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन पश्चिमेकडे निघणारे धनगर आणि खतासाठी शेतात बसवलेला कळप त्याने पाहिलेला असतो. गोठ्याच्या देखाव्यासाठी कडबा किंवा उसाचे पाचटही हाताशी असते. वसईकडे असे गोठे उभारणे हा मुलांचा मोठाच उद्योग असतो. येथे तो घराच्या एका कोपऱ्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यातही करता येतो.

वाचनाची भाषा सोपी असावी. शेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन चालविणाऱ्या पंडिता रमाबाईंनी सामान्य स्त्रियांनाही समजेल असे मराठी बायबल सिद्ध केले. त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तोच विचार घरातही लागू पडतो. पाच वर्षांखालील मुलांना पूर्ण अध्याय वाचून दाखविण्यापेक्षा गोष्ट सांगावी आणि त्यांच्याकडून करवून घ्यावी. मत्तयाच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची संख्या दिलेली नाही. सोने, ऊद व गंधरस या तीन भेटींवरून ते तिघे होते, असे पुढे मानले गेले. तेव्हा घरात मुले दोन असोत वा पाच, नाटिका अडण्याचे कारण नाही.

गाण्यांबाबतही हेच म्हणता येईल. इंग्रजी कॅरल मुले शाळेत व दूरचित्रवाणीवर ऐकतात. मराठी भक्तिगीते मात्र घरातच कानावर पडली तर टिकतात. 'फुलामुलांचे कवी' म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी ओवी-अभंगांच्या वळणाची अनेक ख्रिस्ती गीते रचली. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकात ती आहेत. दरवर्षी सकाळी एकच गीत ठरवून म्हटले, तर लिहिता-वाचता येण्यापूर्वीच ते मुलांना पाठ होते.

भेट कोणाकडून?

सांताक्लॉजचे मूळ चौथ्या शतकातील मायरा येथील बिशप संत निकोलस यांच्यात आहे. हे ठिकाण आजच्या तुर्कस्तानात येते. भेटवस्तू नाताळच्या सकाळीच उघडाव्यात, असा सर्वत्र नियम नाही. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, जर्मनीत २४ डिसेंबरच्या संध्याकाळी, तर स्पेनमध्ये परंपरेने ६ जानेवारीला मुलांना भेटी मिळतात. म्हणून जाहिरातींत दिसते तेच आपल्या घरी घडले पाहिजे, असा ताण पालकांनी घेऊ नये. भेट आई-वडिलांच्या किंवा आजी-आजोबांच्या नावानेच दिली, तर त्यात काहीही उणे नाही. उलट 'त्याच्याकडे सांता मोठा खेळ घेऊन आला, माझ्याकडे लहान का?' हा अवघड प्रश्नही टळतो. भेट एकच, पण सर्वांसमक्ष आणि फराळानंतर दिलेली बरी. आधी दिल्यास मुलांचे लक्ष बाकी कशातच राहत नाही.

ताट शेजारी जाते

या परिसरात सर्वांत मोलाचा भाग त्यानंतरचा आहे. करंज्या, शंकरपाळे, चकल्या आणि सोबत केकचा तुकडा, अशी ताटे रुमालाने झाकून शेजारी जातात. दिवाळीत त्या घरांतून आलेल्या फराळाची ही परतफेड असते. ही ताटे मोठ्यांनी न नेता मुलांच्या हाती द्यावीत. दारात उभे राहून 'आज आमचा नाताळ आहे' असे सांगताना मुलाला आपला सण वेगळा असल्याचे कळते आणि तो शेजाऱ्यांना परका नसल्याचेही कळते. हंगामासाठी बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या ऊसतोड कामगारांच्या कोप्या जवळ असतील, तर एक ताट तेथील मुलांसाठीही काढता येईल.

या साऱ्याला फारसा खर्च लागत नाही. सातत्य मात्र लागते. एक गाणे, एक गोष्ट आणि शेजारी जाणारे एक ताट एवढे जरी दरवर्षी न चुकता झाले, तरी पुढच्या वर्षी 'आता ताट कोणाकडे न्यायचे?' हे मूल स्वतःहून विचारू लागते.