एकरी किती आणि माणशी किती?

ऑक्टोबर छाटणी झाली की साधारण दीड महिन्यानं कवठे महांकाळच्या द्राक्षबागांत विरळणीची घाई सुरू होते. घड डाव्या हातात धरायचा, दाटलेल्या पाकळ्या कात्रीनं काढायच्या, राहिलेल्या मण्यांना फुगायला जागा करून द्यायची आणि पुढच्या घडाकडे वळायचं. नऊ बाय पाच फुटांवर लावलेल्या एका एकरात ९६८ वेली बसतात. वेलीला ३० घड धरले तरी एकरात २९ हजार घड होतात, आणि त्यातल्या एकेका घडाला माणसाचा हात लागावा लागतो. कात्रीचं टोक चुकून मण्याला लागलं की तो मणी पुढे सडतो आणि शेजारच्या मण्यांनाही घेऊन जातो.

दीड एकराचा मालक हे काम घरच्या माणसांना घेऊन करतो. त्याचं लक्ष प्रत्येक ओळीवर असतं. पंधरा एकरांच्या मालकाला टोळ्या आणाव्या लागतात, त्यांच्यावर मुकादम नेमावा लागतो. टोळीचा हिशेब वेलीवर किंवा रोजावर, म्हणजे हात घाईनं चालतो. घड नीट झाला की नाही हे मालकाला कळतं ते काढणीच्या वेळी. शेतीच्या अर्थशास्त्रात साठ वर्षांहून जास्त काळ गाजत असलेला एक वाद इथं, मांडवाखाली उभं राहिलं की समजतो. जमीन जितकी कमी तितकं एकरी उत्पन्न जास्त, हे खरं की खोटं?

भारतात हा प्रश्न ठळकपणे मांडला अमर्त्य सेन यांनी, १९६२ मध्ये. पन्नाशीच्या दशकात केंद्र सरकारनं निरनिराळ्या राज्यांत शेतीच्या जमाखर्चाच्या पाहण्या करून घेतल्या होत्या. मुंबई राज्यातली पाहणी झाली ती अहमदनगर आणि नाशिक जिल्ह्यांत. या पाहण्यांत दिसत होतं की शेताचा आकार वाढत गेला की एकरी उत्पादन घटत जातं. सेन यांचं स्पष्टीकरण साधं होतं. मोठा शेतकरी मजुरी मोजून माणूस लावतो, त्यामुळे मजुरीइतकंही पदरात पडत नाही तिथं तो थांबतो. छोट्या शेतकऱ्याच्या घरात माणसं आहेतच आणि बाहेर कामाची खात्री नाही. तो आणखी एक खुरपणी करतो, आणखी एकदा बांध साफ करतो. एकरी उत्पन्न वाढतं, पण त्या जादा कष्टांना मोल फार थोडं मिळतं. पुढे अर्थशास्त्रज्ञ अशोक रुद्र यांनी आपल्या आकड्यांच्या आधारे हा नियम सगळीकडे लागू होत नाही असं दाखवलं, आणि वाद पेटला तो आजतागायत.

एक आक्षेप तर आपल्या तालुक्यात फिरतानाच दिसतो. अग्रणी नदीच्या काठची काळवट रानं पिढ्यान्‌पिढ्या वाटून लहान लहान झाली, कारण तेवढ्यात घर चालत होतं. वरच्या माळावर मुरमाट रान. तिथं पूर्वी दहा-पंधरा एकर असूनही ज्वारीनं वर्षभराची पोती भरतीलच असं नव्हतं. म्हणून तिथली खाती मोठी राहिली. आता या दोन्हींची सरासरी काढली तर लहान खातं जास्त पिकतं असंच दिसणार. त्यात खात्याच्या आकाराचा हात किती आणि मातीचा किती, हे वेगळं काढल्याशिवाय बोलणं व्यर्थ. पाण्याचंही तसंच. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून या दुष्काळी पट्ट्यात आणलं, तेव्हा ज्या माळाला कोणी विचारत नव्हतं तिथं द्राक्षाचे मांडव उभे राहिले. खात्याचा आकार तोच राहिला आणि उत्पादकता कुठल्या कुठे गेली.

दुसरा आक्षेप मोजणीचा आहे, आणि त्याचं नातं साताऱ्याशी आहे. खटाव तालुक्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी, वि. गो. पानसे यांच्यासह, पीक कापणी प्रयोगाची शास्त्रीय पद्धत भारतात रुजवली. शेतकऱ्याला विचारून उत्पन्न लिहायचं नाही. चिठ्ठी टाकल्यासारखी जागा निवडायची, दोरी-फितीनं आखायची, तेवढंच पीक कापायचं, मळायचं आणि वजन करायचं. त्या वेळी बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांची माणसं अगदी लहान तुकडे कापून अंदाज काढत. सुखात्म्यांनी १९४६-४७ मध्ये दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. आखलेल्या रेषेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा कल ते आत ओढण्याकडे असतो. तुकडा लहान असला की त्याच्या पोटापेक्षा कडच जास्त, म्हणून चूकही जास्त.

हीच गोष्ट सत्तर वर्षांनी आफ्रिकेत पुन्हा समोर आली. पूर्व युगांडातल्या मक्याच्या शेतांवर संशोधकांनी आधी शेतकऱ्यांना उत्पन्न विचारलं आणि मग स्वतः कापणी करून तोललं. शेतकऱ्यांच्या तोंडी आकड्यांत लहान शेत ठळकपणे पुढे होतं. तोललेल्या आकड्यांत तो फरक उरला नाही. लहान शेतांचे मालक आपलं उत्पन्न जास्त सांगत होते. इथिओपियातही २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात असंच निघालं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अनेक देशांची शेतीविषयक धोरणं विचारून मिळवलेल्या आकड्यांवर उभी आहेत.

तरीही लहान शेताचा सगळा गुण हा मोजणीचा भास आहे, असं म्हणता येणार नाही. बांधालगतच्या ओळी पाहा. त्यांना एका बाजूनं जास्त ऊन आणि वारा मिळतो, मुळांना पसरायला जागा मिळते, आणि मालकाची नजरही तिथं जास्त फिरते. लिया बेव्हिस आणि क्रिस्तोफर बॅरेट यांनी २०२० मध्ये युगांडाच्या आकड्यांतून मांडलं ते हेच, की शेताची कड मधल्या भागापेक्षा जास्त पिकते. चौरस एकराची बाजू साधारण ६४ मीटर भरते, त्यात कडेची एक मीटरची पट्टी सहा टक्के क्षेत्र व्यापते. पाच गुंठ्यांच्या चौरस तुकड्यात तीच पट्टी १७ टक्क्यांवर जाते. पण आपल्याकडे बांधाचीही जागा जाते, आणि बांधावरून होणाऱ्या भांडणांत किती पिढ्यांचा पैसा तहसील कचेरीत आणि कोर्टात गेला, ते वेगळंच.

जमिनीचे असे तुकडे आजचे नाहीत. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये तिथलं सरासरी खातं ४० एकरांचं होतं, १९१५ पर्यंत ते ७ एकरांवर आलं होतं. १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला. तरी १९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्राचं सरासरी खातं ४.२८ हेक्टर होतं, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झालं. २०२३ मध्ये राज्य सरकारनं तुकडा पाडण्याची किमान मर्यादा, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्रच खाली आणलं, बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे.

इतक्या लहान खात्यावर 'एकरी किती' या प्रश्नाचं उत्तर कितीही चांगलं आलं, तरी 'माणशी किती' याचं उत्तर पोट भरण्याइतकं येत नाही. अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासात भारतातल्या खेड्यांची आकडेवारी वापरली, त्यात इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या पाहणीतली गावंही आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या शिरापूर आणि कळमणसारख्या गावांत इक्रिसॅटनं १९७५ पासून घरोघरची नोंद ठेवली आहे. या अभ्यासात निघालं ते असं, की अगदी लहान खात्याची एकरी उत्पादकता चांगली असते, आकार थोडा वाढला की ती उतरते, आणि खातं बरंच मोठं झालं की पुन्हा चढते. मधला शेतकरी अडचणीत असतो. घरची माणसं पुरत नाहीत, दोन-तीन तासांच्या कामाला मजूर येत नाही, आला तर पूर्ण रोज मागतो, आणि यंत्र घ्यावं तर ते चालवायला तेवढं रान नाही. लेखकांनी खास उल्लेख केला आहे तो फवारणी यंत्राचा.

द्राक्षवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. बाग फुलोऱ्यात आहे, रात्री पाऊस पडून गेला, सकाळी आभाळ भरलेलं. डाऊनी हा रोग येण्याआधी औषध मारायला काही तास हातात असतात. ट्रॅक्टर आणि ब्लोअर दीड एकरासाठी विकत घेणं झेपत नाही. भाड्यानं मागवावा तर त्याच सकाळी शिवारातल्या सगळ्यांना तो हवा असतो. बेदाण्याचं तसं नाही. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा करायला शेड भाड्यानं मिळतं, दोन दिवस मागे-पुढे झालं तर चालतं. म्हणून लहान बागायतदाराला वाळवणं परवडतं आणि फवारणी जड जाते.

मग खातं मोठं कसं व्हावं? जमीन विकत घेणं कोणाच्या आवाक्यात नाही. राहिला मार्ग कसायला घेण्याचा. शहरात नोकरीला गेलेल्या भावकीची रानं निम्म्या वाट्यानं किंवा खंडानं केली जातातच, पण तोंडी, आणि वर्षाच्या बोलीवर. लिहून दिलं तर कूळ लागेल ही धास्ती १९४८ च्या कूळकायद्यापासून घराघरांत बसलेली आहे. त्या कायद्यानं कसणाऱ्यांना जमिनी मिळाल्या, हे त्याचं मोठं काम. पण आज देणारा आणि घेणारा दोघंही अल्पभूधारक असतात. वर्षाच्या तोंडी बोलीवर ज्वारी किंवा हरभरा करता येतो. द्राक्षाची लावण करता येत नाही. पहिला माल यायलाच दीड-दोन वर्षं जातात आणि बाग बारा-पंधरा वर्षं चालते. नीती आयोगानं टी. हक यांच्या समितीकडून २०१६ मध्ये जमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा करून घेतला. त्यात मालकाची मालकी शाबूत राहते आणि कसणाऱ्याला लेखी मुदत, पीक कर्ज व विमा मिळण्याची सोय होते. आपल्या राज्यानं हा मसुदा पुढे ठेवून, दुष्काळी तालुक्यांतल्या फळबागांसाठी का होईना, दहा-पंधरा वर्षांचा नोंदणीकृत करार बिनधोक करून द्यावा, असं माझं ठाम मत आहे. शेजारशेजारच्या तीन भावांची साडेचार एकरांची बाग एकानं कागदावर कसायला घेतली, तर ब्लोअर त्याच्या स्वतःच्या गोठ्यात उभा राहू शकतो.