एक माणूस, दोन नोंदी

फौजेतून निवृत्त होऊन मी बंगळुरूला बसवनगुडीत राहायला आलो आणि इथल्या एका छोट्या वाचनालयाची सभासद-यादी पोस्टग्रेस या डेटाबेसवर चढवली. सवयीप्रमाणे पहाराही बसवला, म्हणजे 'लॉग_कनेक्शन्स' हे सेटिंग चालू केलं. मग कोणी दार ठोठावलं की लॉगमध्ये 'कनेक्शन रिसीव्ड' आणि परवानगी मिळून आत आलं की 'कनेक्शन ऑथराइज्ड' अशी नोंद पडते.

आठवड्यात लक्षात आलं, की आमचा कामाला येणारा मुलगा दर वेळी दोनदा ठोठावतो आणि एकदाच आत येतो. मला वाटलं, हा पासवर्डचे अंदाज लावतोय. समोर उभं करून विचारलं. तो एवढंच म्हणाला, "सर, मी एकदाच उघडतो."

मग माझ्यासमोर त्याला पीएसक्यूएल हा प्रोग्राम उघडायला लावला. त्याने पासवर्डचं एक अक्षरही टाइप केलं नव्हतं आणि पहिली नोंद पडलेली होती!

कारण साधं आहे. पासवर्ड लागतो की नाही हे पीएसक्यूएलला आधी ठाऊक नसतं. तो पासवर्डशिवाय जातो, सर्व्हर पासवर्ड मागतो, हा जोडणी बंद करून आपल्याला विचारतो आणि नव्याने जातो. म्हणून 'रिसीव्ड' दोन, 'ऑथराइज्ड' एक. पोस्टग्रेसच्या माहितीपुस्तिकेतही लिहिलंय, की अशा दुहेरी नोंदी म्हणजे बिघाड असेलच असं नाही. मीच ती वाचली नव्हती.

तुम्हालाही असं दिसलं तर तीन गोष्टी करा. एक, 'लॉग_लाइन_प्रीफिक्स'मध्ये वेळ आणि प्रोसेस क्रमांक घ्या, म्हणजे कोणती ओळ कोणत्या जोडणीची ते कळेल. दोन, 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' शोधा. चुकीचा पासवर्ड खरोखर दिला गेला, तर ही ओळ पडते. आमच्याकडे ती एकदाही नव्हती. तीन, पासवर्ड '.पीजीपास' फाइलमध्ये ठेवून पाहा. तो पहिल्याच फेरीत दिला जातो आणि जादा नोंद थांबते. मात्र ती फाइल मालकाखेरीज कोणाला वाचता येता कामा नये.

नोंदी नकोशा झाल्या म्हणून लॉग बंद करू नका. पहारेकऱ्याने बरोबरच लिहिलं होतं, वाचणारा चुकला. त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण विचारलंही सगळ्यांसमोरच होतं.