कॅल्शियमची गोळी की ‘डी’ची पुडी?

दवाखान्यातून सुट्टी होऊन घरी आलं की पिशवीतून दोन वस्तू निघतात. कॅल्शियमच्या मोठ्या गोळ्या आणि ‘डी’ जीवनसत्त्वाच्या पावडरची पुडी. मग गटाच्या बैठकीत विषय निघतोच, “दोन्ही हाडांसाठीच ना? मग एकच घेतलं तर नाही का चालणार?”

ताई, दोन्हींचं काम वेगळं आहे. कॅल्शियम हा हाडाचा माल. ‘डी’ तो माल आतड्यातून रक्तात घ्यायला मदत करतं. ‘डी’ कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम पुरतं अंगी लागत नाही. आणि पोटात कॅल्शियमच गेलं नाही, तर नुसतं ‘डी’ काय करणार? म्हणून आपल्यात काय कमी आहे ते बघून डॉक्टर एक किंवा दोन्ही देतात. मुतखड्याचा त्रास असेल तर तोही आधीच सांगा. शेजारणीची चिठ्ठी आपल्याला लागू पडत नाही.

गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 250 युनिट ‘डी’ एकत्रच असतं. 14 आठवडे झाल्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या, एक सकाळच्या आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर. आहारात कॅल्शियम कमी असेल तर यामुळे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोकाही कमी होतो. मात्र रक्तवाढीची लाल गोळी हिच्यासोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. आपण “एकदाच गिळून मोकळं होऊ” म्हणतो, पण कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही.

खरी चूक पुडीत होते. एका पुडीत बहुतेक वेळा 60,000 युनिट ‘डी’ असतं. ती साधारणपणे आठवड्यातून एकदा, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच आठवडे घ्यायची असते. गोळी रोज, म्हणून पुडीही रोज घेतली तर जास्तीचं ‘डी’ लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. रक्तात कॅल्शियम वाढतं. मळमळ, उलट्या, सारखी तहान, सारखी लघवी, गळून गेल्यासारखं वाटणं सुरू होतं आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. असं वाटलं तर पुडी बंद करून लगेच दवाखाना गाठा.

सुट्टी घेतानाच सिस्टरला विचारा, “रोज की आठवड्याला? किती दिवस?” आणि पुडीवर पेनाने वार लिहून घ्या. गटाची बैठक दर आठवड्याला असेल तर तोच वार धरा, एकमेकींना आठवणही राहील.